शेवग्याचा पाला, फ्लेव्होनॉइड आणि रुळांकडेची जमीन

प्रश्न (आरेतल्या एका पाड्यावरून): वीस गुंठ्यांत आमची भाजी आहे. एक व्यापारी म्हणतो, भाजी काढा. शेवगा, तुळस, अडुळसा लावा, फ्लेव्होनॉइडसाठी औषध कंपन्या दुप्पट भाव देतील. रुळांकडेची जमीनही तो खंडाने मिळवून देतोय. काय करावं?

उत्तर: भाजी काढू नका, दादा. शेवगा बांधावर लावा.

व्यापाऱ्याचं बोलणं अर्धंच खरं आहे. शेवग्याच्या पानात क्वेरसेटिन आणि केम्पफेरॉल, तुळशीत ओरिएन्टिन ही फ्लेव्होनॉइडं, म्हणजे वनस्पतीतली एका जातीची द्रव्यं, असतात. अडुळसा खोकल्यावर चालतो तो मुख्यतः व्हॅसिसीनमुळे, आणि ते अल्कलॉइड, म्हणजे वेगळ्याच जातीचं द्रव्य आहे, फ्लेव्होनॉइड नाही. हा फरक ज्याला ठाऊक नाही, त्याच्या तोंडी भावावर पीक बदलू नये. लेखी करार मागा.

पानात घटक सापडला म्हणजे औषध झालं, असंही नाही. क्वेरसेटिन पाण्यात नीट विरघळत नाही, पोटातून रक्तात फार थोडं पोचतं. मुंबईतच हेक्स्ट इंडिया या औषध कंपनीच्या संशोधकांनी सह्याद्रीत वाढणाऱ्या एका झाडाच्या सालीतल्या रोहितुकिन या द्रव्यावरून फ्लेव्होपिरिडॉल हा रेणू घडवला. रक्ताच्या कर्करोगावर त्याच्या माणसांवर चाचण्या झाल्या. पण तो प्रयोगशाळेत बनतो, शेतातून पोत्याने विकत घेतला जात नाही. घरात कुणाला साखरेचा त्रास असेल तर पाल्याची भाजी जरूर खा, गोळी मात्र बंद करू नका.

मला खरी काळजी रुळांकडेच्या जमिनीची आहे. तिथे नाल्याचं पाणी येतं, त्यातलं शिसं आणि कॅडमियम पानात उतरतं. औषधी पाल्यात दर किलोला शिसं 10 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 0.3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. एवढ्यावर माल परत येतो. परत नाही आला तर कुणा आजाऱ्याच्या पोटात जातो. ती जमीन घेऊच नका.

बांधावरच्या शेवग्याला शेणखत द्या, युरियाचा मारा नको. नत्र फार झालं की पाला माजतो, पण फ्लेव्होनॉइडं कमी भरतात. झाड कमरेइतकं छाटून ठेवा, पाला हाताशी राहील. वाळवण सावलीत, वाऱ्यावर, पातळ पसरून. पान चुरगाळलं की कुरकुरीत मोडलं पाहिजे. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत बुरशी धरते, तेव्हा पाला ओलाच भाजीला विका. आणि राष्ट्रीय उद्यानातून साल-पाला आणायला कुणी सांगितलं, तर साफ नाही म्हणा. तो गुन्हा आहे.

लावणीआधी विहिरीचं पाणी आणि वीतभर खोलीवरची माती तपासून घ्या. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते, नेहमीच्या माती परीक्षणात ती येत नाही.