जुन्या अ‍ॅक्टिव्हाचा पिकअप गेलाय, हलके रोलर टाकू का? घरच्या घरी काय काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2016 ची अ‍ॅक्टिव्हा 3जी आहे, पन्नास हजारांच्या आसपास चाललीय, साताऱ्यात वापरता, यवतेश्वरचा घाट चढताना ओढत नाही आणि अ‍ॅव्हरेज 35 वर आलंय. हलके रोलर आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर टाकला तर फरक पडेल का, आणि हे घरी जमेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

घरी नक्की जमेल. पण रोलर, म्हणजे बेल्टच्या पुढच्या पुलीतली छोटी गोल वजनं, सगळ्यात शेवटी. एवढी चाललेली गाडी ओढत नसेल तर तिची मूळची ताकदच कुठेतरी वाया जात असते. ती आधी परत मिळवा. मी मेकॅनिक नाही, पण घरच्या स्कूटरचं बहुतेक काम अंगणातच करतो, आणि नवीन पार्ट विकत घ्यायच्या आधी काय तपासायचं हे या गाडीने मला चांगलं शिकवलंय.

सुरुवात चाकांपासून करा. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि मागचं चाक हाताने फिरवा. दर फेरीला एकाच जागी खर्रकन घासल्याचा आवाज येत असेल किंवा चाक लगेच थांबत असेल तर ब्रेक धरून आहे. मागच्या ब्रेकचा अ‍ॅडजस्टिंग नट अर्धा फेरा सैल करा, चाक पुन्हा फिरवा. लिव्हर दाबताना सुरुवातीचे 10 ते 20 मिलिमीटर मोकळे जायला हवेत. या गाडीत डाव्या लिव्हरने पुढचा ब्रेकही लागतो, म्हणून मागचा सेट केल्यावर पुढचं चाकही फिरवून बघा. हवा पुढे 22 पीएसआय, मागे 29, आणि डबलसीट जाणार असाल तर मागे 36. दहा इंची चाकात हवा थोडी जरी उतरली तरी गाडी जड होते. पंक्चरवाला दोन्ही चाकांत सारखीच हवा मारून देतो, त्याला आकडा सांगायचा.

मग एअर फिल्टर. याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे जवळपास सगळीकडे चुकीचं काम होतं. या गाडीचा कागदी फिल्टर तेलकट असतो, धूळ चिकटून बसावी म्हणून तो मुद्दामच तसा बनवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला कॉम्प्रेसरने हवा मारून परत बसवतात. त्याने धूळ निघत नाही आणि कागद मात्र फाटू शकतो. मग ती धूळ थेट इंजिनात. हा फिल्टर साफ करायचा नसतो, साधारण 16-18 हजार किलोमीटरला बदलायचा असतो, आणि कास रोडसारख्या धुळीच्या रस्त्यावर रोजचं जाणं-येणं असेल तर त्याही आधी. कधी बदलला ते आठवत नसेल तर आजच बदला. घाटातला निम्मा त्रास इथेच संपला तर मला नवल वाटणार नाही.

स्पार्क प्लग थंड इंजिनावरच काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, पांढरं पडलेलं टोक म्हणजे पेट्रोल कमी, आणि ओलं तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम निघालंय, ते घरी करू नका. गॅप, म्हणजे टोकावरची ठिणगी पडायची फट, 0.8 ते 0.9 मिलिमीटर. परत बसवताना आधी बोटांनीच फिरवत न्या, पाना शेवटी लावा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, एकदा आटे गेले की खर्च मोठा.

आता कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. ‘अ‍ॅव्हरेजवर सेट करून द्या’ असं आपण गॅरेजमध्ये सहज म्हणून जातो. मेकॅनिक त्यावरचा पायलट स्क्रू आत फिरवून पेट्रोल कमी करतो. हा स्क्रू आयडलिंग आणि अगदी थोड्या रेसपुरताच काम करतो. घाटात मूठ पूर्ण पिळलेली असताना पेट्रोल मेन जेट नावाच्या वेगळ्या छिद्रातून येतं, तिथे त्याचा काही संबंध नाही. म्हणजे अ‍ॅव्हरेज फारसं वाढत नाही, पण सकाळी गाडी लवकर चालू होत नाही आणि सिग्नलला निघताना अडखळते. गाडी चांगली गरम करा, हा स्क्रू हळूहळू फिरवत इंजिनचा वेग जिथे सर्वात जास्त आणि एकसारखा लागतो तिथे ठेवा, मग आयडलिंगचा स्क्रू कमी करा. मूळ आयडलिंग मिनिटाला 1700 फेऱ्यांच्या आसपास असतं. मीटर नसेल तर डबल स्टँडवर मागच्या चाकाकडे बघा. हळू फिरत असेल आणि ब्रेक जरासा दाबताच थांबत असेल तर ठीक, जोरात फिरत राहिलं तर अजून कमी करा. हे सगळं उघड्यावर करा, बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

ऑइलचं काम सोपं आहे. 10W30, आणि नुसतं ऑइल बदलताना 700 मिली लागतं. बाटली मात्र 800 ची मिळते आणि बरेचजण ती पूर्ण ओततात. जास्तीचं ऑइल मग एअर फिल्टरच्या डब्यात येतं. पातळी बघताना ऑइलची काडी पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून आत बसवायची नाही. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, ते आपल्याकडे कित्येकदा विसरलं जातं. तेही बदला.

एवढं करूनही घाटात तसंच असेल तर इंजिनचं डावं कव्हर उघडायचं, इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा बेल्ट आणि त्याच्या पुढच्या-मागच्या पुल्या त्याच्या आत असतात. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. आतली काळी धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. बेल्ट साधारण 24 हजारांनंतर बदलायचा असतो. तुमचा बदललेला नसेल तर झिजून अरुंद झालेला असणार. बेल्ट अरुंद झाला की पुढच्या पुलीत तो खाली बसतो आणि मागे वर येत नाही, त्यामुळे टॉप स्पीड आणि ओढ दोन्हीवर परिणाम होतो. सहा रोलर हातात घेऊन फिरवून बघा. गोल न राहता एका बाजूने चपटे झाले असतील तर वेग घेताना गाडी आचके देते. निघताना थरथर होत असेल तर क्लच शूवर आलेली चकाकी पॉलिश पेपरने काढा.

बसवताना एक गोष्ट फार जपायची. बेल्ट मागच्या पुलीत दाबून आत खोल घालायचा, म्हणजे पुढे तो सैल पडतो. तसं न करता पुढची पुली बसवली तर बेल्ट मध्येच चिमटतो, पुली शाफ्टच्या खाचांवर पूर्ण बसत नाही, आणि नट मात्र घट्ट झाल्यासारखा वाटतो. थोडं चालल्यावर बेल्ट जागेवर येतो, नट ढिला पडतो आणि खाचा झिजतात. म्हणजे क्रँक, इंजिनचा मुख्य शाफ्ट, गेला. पुली धरायला होल्डर वापरा, पुलीवरच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवला तर पाती तुटतात. होल्डर आणि टॉर्क पाना नसेल तर बाकी सगळं स्वतः करा, पण हा नट ओळखीच्या मेकॅनिककडून आवळून घ्या.

आता तुमचे रोलर. हलके टाकले की पुली उशिरा सरकते, इंजिन जास्त वेगाने फिरत राहतं, चढाला बरं वाटतं. पण सपाट रस्त्यावरही ते तसंच फिरतं आणि पेट्रोल जास्त पितं. रोज घाटच चढायचा असेल तर मूळ वजनापेक्षा थोडेसेच हलके, आणि सहाही सारखे टाका. आधी मात्र मूळ वजनाचे नवीन रोलर आणि नवीन बेल्ट टाकून घाट चढून बघा. मला वाटतं तुमचं काम त्यातच होईल. सायलेन्सरचं डोक्यातून काढून टाका. जेट तेच ठेवून फक्त सायलेन्सर मोकळा केला तर मिश्रण बिघडतं, पिकअप मिळत नाही, आणि पोलिसांनी धरलं की दंड वेगळाच. हेडलाइटचंही तेच सांगेन. मूळ बल्ब 35 वॅटचा आहे, तिथे कारचा 55-60 वॅटचा घातला तर होल्डर वितळतो.

अ‍ॅव्हरेज मोजताना टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरून भागाकार करा. काट्यावरून काढलेला आकडा धरू नका. एका वेळी एकच काम करा आणि दोन टाक्या चालवून बघा, म्हणजे नेमका कशाने फरक पडला ते कळेल. रोलरचे फोटो टाकलेत तर बघून सांगतो.