आईच्या रिपोर्टवर ‘एमएलएच-१ लॉस ऑफ एक्स्प्रेशन’ आहे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये जीन एक्स्प्रेशनचं काम काय? आणि मलाही होणार का?

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग वाचला आणि रात्री अकराला लिहायला बसले. रिपोर्टवरच्या याच ओळीवरून आमच्या घरात दोन वर्षं रामायण झालं आहे.

मी डॉक्टर नाही. बडोद्याच्या एका खाजगी लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला २४ वर्षं ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) कापले, स्लाइड रंगवल्या. आणि हा रिपोर्ट माझ्या थोरल्या जाऊबाईंचा होता.

वय ६१, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. गौरी जेवायच्या दिवशी स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, “अगं, दोनदा थोडं अंगावरून गेलं. उष्णता असेल.” मी पुरण तसंच टाकून त्यांना आतल्या खोलीत नेलं. पाळी गेल्यावर अंगावरून लाल जाणं ही उष्णता नसते. दहातल्या नऊ जणींचं काही निघत नाही हे खरं, पण तपासल्याशिवाय दहावी कोण ते कसं कळणार? भावजी म्हणाले, “आपल्याकडे कोणाला नाही हे.” जसं काही पिशवी आधी वंशावळ वाचते! या वयात सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरच्या आत असलं की जीव भांड्यात पडतो. यांचं १४ निघालं. बायोप्सी झाली, महिन्याभरात पिशवी निघाली. पहिली स्टेज. सुटलो असं वाटलं.

मग ट्यूमरच्या स्लाइडचा रिपोर्ट आला. डीएनए दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांपैकी एमएलएच-१ आणि पीएमएस-२ गायब, एमएसएच-२ आणि एमएसएच-६ शाबूत. भावजींनी तो वन्संना व्हॉट्सअॅपवर पाठवला, वन्संनी गूगल केलं आणि संध्याकाळी फोन: “हे आनुवंशिक असतं. तिच्या माहेराहून, ग्वाल्हेरहूनच आलंय. तिच्या मामांना नव्हता का आतड्याचा?” मामांना झाला होता, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. पण तेव्हा माझ्या पुतणीचं इंदूरच्या एका घरी जमत आलं होतं, आणि वन्संचं बोलणं तिथपर्यंत पोचायला चार दिवसही लागले नाहीत. जाऊबाई कॅन्सरने रडल्या नाहीत, त्या ‘माहेरचं रक्त’ या शब्दांनी रडल्या.

आता जीन एक्स्प्रेशन. जनुक असणं वेगळं आणि ते वाचलं जाणं वेगळं. देवघरात पोथी आहे, एक पान फाटलेलं नाही, पण कोणीतरी ती फडक्यात घालून गाठींवर गाठी मारून ठेवली. मग पोथी असून नसल्यासारखीच. एमएलएच-१ चं काम म्हणजे पेशी दुभंगताना डीएनएच्या नकलेत झालेल्या चुका दुरुस्त करणं. त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे गट चिकटले की जनुक धडधाकट असूनही गप्प बसतं. प्रथिन तयार होत नाही, त्याच्या आधाराने टिकणारं पीएमएस-२ ही जातं. मग चुका साचत जातात आणि कधीतरी पीटेनसारख्या, वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकात जाऊन बसतात.

स्लाइडवर हे डोळ्यांनी दिसतं. शेजारच्या लिम्फोसाइटची (निरोगी पांढऱ्या पेशींची) केंद्रकं तपकिरी, म्हणजे प्रथिन आहे; ट्यूमरची निळीच्या निळी. पण ते प्रथिन गेलं एवढंच सांगतं. जनुक जन्मतःच बिघडलेलं मिळालं की पुढे आयुष्यात कधीतरी गप्प झालं, हे नुसती स्लाइड बघून कोणालाच सांगता येत नाही. वन्संना तर नाहीच नाही.

त्यासाठी मिथायलेशनची वेगळी टेस्ट असते. आतड्याच्या कॅन्सरमध्ये बीआरएएफ या दुसऱ्या जनुकाची तपासणी करून बऱ्याचदा भागतं, पिशवीच्या कॅन्सरमध्ये तिचा उपयोग नसल्यात जमा. मी सर्जनना म्हटलं, ब्लॉक पाठवू या. ते म्हणाले, “बेन, एनी शी जरूर छे (त्याची काय गरज)? ट्रीटमेंट तर तीच राहणार.” म्हटलं, साहेब, ट्रीटमेंट तुमच्याकडची तीच राहील, आमच्या घरी वेगळी चालू आहे. पैसे मी भरले, भावजींना नंतर सांगितलं.

रिपोर्ट आला: मिथायलेशन पॉझिटिव्ह. म्हणजे गाठी नंतर पडलेल्या, माहेरहून आलेल्या नाहीत. पिशवीच्या कॅन्सरमध्ये एमएलएच-१ गायब असतं तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघतं. मी त्याच्या चार झेरॉक्स काढल्या आणि एक वन्संच्या घरी स्वतः नेऊन दिली. “बरं झालं,” म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. माफी वगैरे काही नाही.

खरं तर वन्संना कोणाकडे बोट दाखवायचंच होतं तर आमच्या सासरच्या ताटाकडे दाखवायचं. पाळी गेल्यावर चरबीतला अॅरोमॅटेज हा एन्झाइम इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवत राहतो. ते रिसेप्टरला (त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला) धरून अस्तराच्या पेशीत वाढीची जनुकं चालू करतं, आणि आवरायला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक उरलेलं नसतं. एक्स्प्रेशनचा सगळ्यात मोठा खेळ इथे आहे. जाऊबाईंना साखर, वजन ८४. चाळीस वर्षं सगळ्यांना वाढून पातेल्यातलं उरलेलं त्याच संपवायच्या, “टाकू नकोस गं” हे ऐकत. ते कोणाच्या रिपोर्टवर येत नाही.

बाकी विज्ञान थोडक्यात. २०१३ साली टीसीजीए या अमेरिकी प्रकल्पाने ३७३ ट्यूमर तपासून या कॅन्सरचे चार गट पाडले: पोल (डीएनएची नक्कल करणाऱ्या) जनुकात बिघाड असलेला, दुरुस्तीयंत्रणा बंद पडलेला (तुमच्या आईचा यातच बसतो), गुणसूत्रांत फारशी उलथापालथ नसलेला आणि भरपूर असलेला. शेवटच्यात बहुतेकदा पी-५३ हे पेशीची राखण करणारं जनुक बिघडलेलं असतं आणि तो सगळ्यात वाईट. पोलवाला सगळ्यात बरा.

आता वन्संच्या बाजूनेही बोलते, नाहीतर अन्याय होईल. आनुवंशिक प्रकार असतोच. १८९५ मध्ये मिशिगनच्या वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की आमच्या घरात सगळे कॅन्सरनेच जातात, मीही जाणार. ती गर्भाशयाच्याच कॅन्सरने गेली. आज त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यात, कोणतं जनुक बिघडलंय त्यावर कमीजास्त, पण शंभरातल्या चाळीसेक बायकांना पिशवीचा कॅन्सर होऊ शकतो; अमेरिकेत सर्वसाधारण बाईचा आकडा ३ च्या आसपास. म्हणून एमएसएच-२ किंवा एमएसएच-६ गायब असेल, मिथायलेशन निगेटिव्ह असेल, आई पन्नाशीच्या आतली असेल किंवा घरात आतड्याचे-पिशवीचे आणखी रुग्ण असतील, तर जेनेटिक कौन्सेलरकडे जाऊन रक्ततपासणी कराच. क्वचित मिथायलेशन असूनही आनुवंशिक दोष सापडतो. आणि सर्जन माझ्यावर वैतागले ते अगदीच चूक नव्हतं, जाऊबाईंचे उपचार खरंच बदलले नाहीत.

पुतणीचं ते इंदूरचं स्थळ मोडलं. रिपोर्ट पोचेपर्यंत त्यांनी दुसरीकडे बघितलं होतं. आता तिचं लग्न झालंय, वडोदऱ्यातच, चांगलं चाललंय. वन्सं हळदीच्या दिवशीही म्हणाल्याच, “तरी जपून हं.”

तुमच्या आईच्या रिपोर्टमध्ये मिथायलेशनची ओळ शोधा. नसेल तर बहुधा टेस्ट झालेलीच नाही, आणि तोवर ‘मला होणार’ असंही म्हणू नका, ‘नाही होणार’ असंही नाही. ब्लॉक सहसा लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो. लेखी अर्ज देऊन मागा. काउंटरवर “कशाला हवाय?” विचारतील, सांगत बसू नका.