भुरका मारा, पण आधी कूपन काढा

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात कामासाठी आठ दिवस टोकियोला चालले आहे, एकटीच. रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सच्या, छोट्या दुकानात जेवायची फार इच्छा आहे. मी सगळं खाते, पण जपानी अक्षरओळख शून्य. आत शिरून वेंधळ्यासारखी उभी राहीन अशी धास्ती वाटते. आणि तिथे म्हणे भुरके मारूनच खावं लागतं?

उत्तर : वेंधळेपणाचा मान मी आधीच पटकावलाय, तेव्हा तुम्ही निश्चिंत जा.

टोकियोत राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. आठ खुर्च्यांचं दुकान. दारावरचा नोरेन, म्हणजे कापडी पडदा, बाजूला सारून मी थेट खुर्चीवर जाऊन बसले आणि मेनूकार्डाची वाट पाहू लागले. आचाऱ्याने दोनदा दाराकडे बोट केलं. मला वाटलं, हाकलतोय! दाराशी कपाटाएवढं यंत्र होतं. पैसे त्यात भरायचे, बटण दाबायचं आणि कूपन घेऊन मग बसायचं. माझ्याकडे फक्त दहा हजार येनची नोट, आणि यंत्र हजाराच्याच नोटा घेणारं. मागे तिघं ताटकळलेली. आचारी हात पुसत बाहेर आला, माझी नोट घेतली आणि दहा सुट्या नोटा माझ्यासमोर एकेक करून मोजून दिल्या. ना उसासा, ना कपाळाला आठी. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून पहिलं काम, हजाराच्या नोटा जवळ ठेवा. जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा काढल्या, तेव्हा बऱ्याच दुकानांची जुनी यंत्रं त्या घेतच नव्हती. चार जुन्या नोटाही असू द्यात. साधा वाडगा साधारण हजार येनच्या आत-बाहेर मिळतो. हजाराच्या वर किंमत नेली की गिऱ्हाईक बिथरतं, म्हणून दुकानदार ‘हजार येनची भिंत’ म्हणतात.

अक्षरं वाचता येत नसली तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा. बहुतेक ठिकाणी दुकानाचा मुख्य पदार्थ तिथेच असतो. उरलेले पैसे काही यंत्रांतून आपोआप पडत नाहीत, त्यासाठी वेगळा खटका असतो. मी एकदा दोनशे येन तसेच सोडून आले होते.

कूपन समोरच्या फळीवर ठेवलंत की आचारी कदाचित काही विचारेल. दक्षिणेकडच्या फुकुओका शहराच्या पद्धतीचं दुकान असेल तर नूडल्स किती कडक हव्यात, योकोहामा पद्धतीचं असेल तर शिवाय चव किती तेज आणि तेल किती, हेही. कळलं नाही तरी ‘फुत्सू दे’ म्हणा. फुत्सू म्हणजे नेहमीसारखं. त्यातल्या ‘दे’चा आपल्या ‘दे’शी काही संबंध नाही, पण काम होऊन जातं.

आता भुरका. सक्ती कुणी करत नाही. पण रश्श्यावर तेलाचा थर असतो, तो आतली वाफ धरून ठेवतो. नूडल्स तशाच तोंडात घालाल तर जीभ पोळेल. भुरक्याबरोबर हवा आत जाते, घास निवतो आणि रश्श्याचा वास थेट नाकात चढतो. लहानपणी ज्या आवाजावर डोळे वटारले जायचे, तो करायला मला महिना लागला. सुरुवातीला तर शिंतोडेच जास्त उडाले. पांढरा कुडता घालू नका, इतकंच सांगते.

फोटो एकच काढा, तोही झटपट, कारण नूडल्स थांबत नाहीत. फुकुओकाच्या बारीक नूडल्स तर बघता बघता फुगतात. म्हणून तिथे पहिल्यांदा थोड्याच वाढतात. संपल्या की ‘काएदामा’ म्हणायचं, उरलेल्या रश्श्यात नव्या नूडल्स पडतात. ही रीत तिथल्या नागाहामा मासळीबाजारातल्या घाईच्या माणसांसाठी सुरू झाली.

एकटीने जायचं दडपण तर मुळीच नको. रामेनच्या दुकानात बरीच गिऱ्हाइकं एकटीच असतात, मान खाली, नजर वाडग्यात. जेवून झालं की वाडगा समोरच्या उंच फळीवर ठेवा, फडकं असेल तर आपल्यापुरती जागा पुसा, ‘गोचिसोसामा देशिता’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणा आणि खुर्ची सोडा. बाहेर रांग असते.

प्रश्न : पुढे कधी आईला घेऊन गेले तर? ती शाकाहारी आहे. वरचं मांस काढून टाकलं तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. खरा मामला रश्श्यात असतो. तोन्कोत्सु म्हणजे तासन्‌तास उकळलेली डुकराची हाडं, आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) किंवा शोयु (सोया सॉस) रामेनमध्येही कोंबडी, डुक्कर नाहीतर सुकी मासळी बहुधा असतेच. भाज्यांचं रामेन नुसतं नावाला भाज्यांचं. टोकियो स्टेशनच्या आतच ‘टीज् तानतान’ हे पूर्ण वनस्पतिजन्य रामेनचं दुकान आहे, आईंना तिथे न्या.

प्रश्न : रस्सा संपवला नाही तर आचाऱ्याचा अपमान होतो का?

उत्तर : छे! नेहमी खाणारेही रस्सा सोडतात. एका वाडग्यात पाच-सहा ग्रॅम मीठ सहज असतं आणि बरंचसं रश्श्यातच. जपानच्या आरोग्य खात्याने बाईमाणसासाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला ६.५ ग्रॅमपेक्षा कमी. मी पहिलं वर्षभर वाडग्याचा तळ दिसेपर्यंत प्यायची, आणि रात्री दोनदा पाण्यासाठी उठायची.