ताटी उघडा, मास्तर!

मुलुंडच्या एका वाचक मुलीचा प्रश्न असा: ‘आम्ही काही जण शनिवारी जमून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं होऊन गोष्ट रंगवायचा खेळ खेळतो. गोष्ट चालवणारा गेम मास्टर स्वतःसमोर पुठ्ठ्याची घडीची स्क्रीन उभी करतो. तिला मराठीत काय म्हणावं? आम्ही पडदा म्हणतो, एकाने यवनिका सुचवलंय. आणि मास्टरला पडद्यामागचा सूत्रधार म्हटलं तर चालेल का?’

शेवटचं वाक्य वाचताना चहाचा ठसका लागला, म्हणून आधी तेच. हा पडद्यामागचा सूत्रधार रोज सकाळी पेपरात भेटतो. दरोडा असो, घोटाळा असो, पेपरफुटी असो, सूत्रधार पडद्यामागे असतो आणि बहुधा फरार असतो. अहो, सूत्रधार पडद्यामागे कधी होता? संस्कृत नाटकात नांदी झाली की बोलायला उभा राहतो तो हाच. आपल्या संगीत नाटकातही नटीला हाक मारून आज कोणता खेळ करायचा ते सगळ्यांदेखत ठरवतो. नाटकमंडळीत त्याच्याइतका उघड्यावरचा माणूस दुसरा नसेल. तेव्हा मास्टरला सूत्रधार खुशाल म्हणा. तो तुमच्या समोर बसतो, तुमच्याशी बोलतो, गावचा पाटील आणि गुहेतला राक्षस दोघांचे आवाज काढतो. फक्त ते ‘पडद्यामागचा’ पेपरवाल्यांनाच राहू द्या.

आता पडदा. फारसी ‘परदा’चा पडदा झाला हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, त्यावर शाई घालवत नाही. र चा ड होताना आपल्या कानाला ‘पडणे’ ऐकू आलं असावं, असा माझा जुना संशय आहे. कोशकारांना तो मान्य होणार नाही, न होवो. पण वापर बघा. पडदा लोंबतो, सरकतो, वाऱ्याने फुगतो आणि शेवटी पडतो. तुमची स्क्रीन यातलं काहीच करत नाही, ती उभी राहते. शिवाय ‘आमचा मास्टर पडद्याआड गेला’ असं एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून बघा. दहा मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागेल.

अंतरपाटही कुणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो. तो मंगलाष्टकांपुरता, दोघांनी दोन टोकं धरायचा. चार तास कोण धरून उभं राहणार? (आणि त्यातला पाट बसायचा नव्हे. तो पट, म्हणजे कापड.)

ही वस्तू मी जवळून पाहिलेली आहे. माझी भाची हा खेळ चालवते. तिने पुठ्ठ्याच्या दोन फायली आणल्या, कडेला कड लावून सेलोटेपने जोडल्या, झाल्या चार बाजू. आतून तक्त्यांच्या झेरॉक्स चिकटवल्या: कोणत्या हत्याराने किती इजा, अंधारात नेम धरला तर काय, बेशुद्ध पडलं तर काय. बाहेरून ड्रॅगन काढला. एका फायलीवरून दुसरीवर जाताना त्याची शेपटी जरा मोडली आहे. पंख्याने उडू नये म्हणून कडांना कपड्यांचे चिमटे. मागे नकाशा, राक्षसांची यादी आणि वीस बाजूंचा फासा. मधूनच ती काही कारण नसताना फासा टाकते. खडखड होते, ती वाकून बघते, ‘हं’ म्हणते आणि पेन्सिलीने काहीतरी लिहिते. समोरच्या पाच पोरांचे चेहरे पांढरे पडतात. मी मागून डोकावलो तर कागदावर फूल काढलेलं होतं.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. जजेस गिल्ड नावाच्या कंपनीने १९७७ साली असा आडोसा विकायला काढला तेव्हा त्याला नाव दिलं ‘जजेस शील्ड’, म्हणजे चक्क ढाल. खेळाचे मूळ प्रकाशक टीएसआर यांची ‘स्क्रीन’ आली १९७९ मध्ये. तेव्हा ‘स्क्रीन’ हाच काय तो शास्त्रशुद्ध शब्द आणि त्याचंच भाषांतर करायचं, हा हट्ट सोडा.

यवनिका सुचवणाऱ्या मित्राने शब्दाबरोबर ग्रीकांची गोष्टही सांगितली असणार. यवन म्हणजे ग्रीक, म्हणून पडदा ग्रीकांकडून आला, वगैरे. अर्न्स्ट विंडिश हे जर्मन पंडित १८८२ साली संस्कृत नाटकावर ग्रीक प्रभाव दाखवायला निघाले, त्यात त्यांनी यवनिकेलाही कामाला लावलं. आठच वर्षांनी सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच पंडितांनी ते खोडून काढलं. तरी आपल्याकडे प्रत्येक नाट्यविषयक भाषणात विंडिशसाहेबांचं भूत उठतंच. ज्या ग्रीक रंगभूमीवर असा पडदाच नव्हता, तिच्याकडून आपण पडदा उसना आणला, हे शेजाऱ्याच्या रिकाम्या डब्यातून साखर आणण्यासारखं आहे. राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकात अंकांना ‘जवनिकांतर’ म्हटलंय. जव म्हणजे वेग, झटकन ओढली जाते ती जवनिका. प्राकृतात य चा ज होतोच, मग ज हा पुरावा कसला, असं विचारणारे आहेत. त्यांना माझं उत्तर: मूळ ज असताना संस्कृत ‘शुद्ध’ करण्याच्या भरात कुणी य लिहिला नसेल कशावरून? अतिशुद्धीची खोड आजचीच आहे थोडीच!

पण या भांडणात सगळे अमरकोशाची, म्हणजे त्या जुन्या संस्कृत शब्दकोशाची, जवनिकेची ओळ अर्धीच वाचतात. तिथे पडद्याला आणखी एक शब्द आहे, तिरस्करिणी. होय, तिरस्कार करणारी! तिरस् म्हणजे आडवं, पलीकडे. लॅटिन ‘ट्रान्स’ त्याचाच भाऊबंद. तिरोहित, तिर्यक् ही घरचीच मंडळी, आपला तिरका आणि तिरपाही मी त्याच पंगतीला बसवतो. तिरस् + कृ म्हणजे आड करणे, झाकणे. तिरस्काराचा मूळ अर्थ एवढाच, आड करणे. ‘कुमारसंभवा’त हिमालयाच्या गुहांच्या दारांशी लोंबणारे ढग लाजलेल्या किन्नरस्त्रियांसाठी ‘तिरस्करिणी’ होतात. तिथे द्वेषाचा लवलेश नाही, उलट ढगांनी सौजन्य दाखवलंय. ‘विक्रमोर्वशीया’त उर्वशी जी अदृश्य होण्याची विद्या वापरते तीही तिरस्करिणीच. मग आड करणे याचं झालं मागे सारणे, मग तुच्छ लेखणे, आणि मराठीत येईतो पार घृणा. पण मूळ अर्थ मेलेला नाही. ज्याचा तिरस्कार वाटतो त्याला आपण काय म्हणतो? ‘तुझं तोंड बघायची इच्छा नाही.’ म्हणजे मध्ये स्क्रीनच उभी केली की!

हे सुचलं त्या दिवशी मी दादरला उतरायचं विसरून थेट माटुंग्याला पोचलो.

तेव्हा पुस्तकी शब्द हवा असेल तर तिरस्करिणी घ्या. रोजचा हवा असेल तर ताटी. बांबूच्या कामट्यांची, हलकी, उभी करायची, लावायची, काढायची. ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ आपण सगळेच म्हणतो, पण ज्ञानदेवांनी ती लावली का, ते आठवा. लोकांनी अपमान केला, हाकललं, म्हणून. लोकांनी तिरस्कार केला आणि त्यांनी ताटी लावली, आड करण्याला उत्तर आड होण्याने. मुक्ताबाईंना कुणी हे व्युत्पत्तीतून शिकवलं नव्हतं.

ताटी ‘तट’पासून काढणारे माझे एक स्नेही आहेत. तट म्हणजे काठ, तट म्हणजे किल्ल्याचा कोट, म्हणून ताटी. कामट्यांना कोट म्हणणाऱ्याने कोकणातला पाऊस पाहिलेला दिसत नाही. कन्नडात बांबूच्या आडोशाला तट्टी म्हणतात आणि आपल्याकडे तट्ट्या आहे, तेवढं नातं मला पुरे.

मुंबईत मात्र एक धोका आहे. तुमच्या गटात कुणी हिंदी बोलणारा असेल तर ‘ताटी’ ऐकून तो फिदीफिदी हसेल. हसू द्या, आणि मग त्याला सांगा की त्याची टट्टीसुद्धा मुळात हीच, बांबूचा आडोसा. उन्हाळ्यात पाणी मारून दारांना लावायच्या त्या वाळ्याच्या टट्ट्या साहेबाच्या बंगल्यातही होत्या. आडोशाला जाऊन बसायचं, म्हणून जागेला टट्टी, मग क्रियेला, मग थेट ऐवजाला. इंग्रजी टॉयलेटचंही तेच, मूळ फ्रेंचमध्ये ते कापडाचं लहानसं फडकं. आपण तर कमालच केली. ‘शौच’ म्हणजे शुद्धता! आणि हिंदीत म्हण आहे, टट्टी की ओट में शिकार खेलना. आडोशामागून शिकार करणे. माझी भाची दर शनिवारी दुसरं काय करते?

शिवाय ताटीला क्रियापदं तयार आहेत. ताटी लावली की खेळ सुरू. मास्टरने फाशात काही फिरवाफिरव केल्याचा वास आला, की खेळाडूंनी एका सुरात म्हणायचं, ‘ताटी उघडा!’ काही गट फासे उघड्यावरच टाकतात, त्यांना हा शब्द लागणारही नाही.

हे सगळं मी भाचीला तासभर समजावलं. तिने शांतपणे ऐकलं, मग उठून पंख्याच्या बटणाकडे गेली आणि म्हणाली, ‘मामा, ती फाइल धर ना जरा, उडेल.’