जर्नलमधला गेन

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

इंजिनिअरिंग कॉलेजात रुजू झालास, वाचून बरं वाटलं. कंपन्यांना पोरं हवीत पण घेण्यासारखी मिळत नाहीत, अभ्यासक्रमच बदलायला हवा, असं तू लिहिलंयस. तो विद्यापीठ बदलेल तेव्हा बदलेल. तुझ्या हातात आहे ते आठवड्यातलं दोन तासांचं प्रॅक्टिकल.

ऑप-अँपची, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपची, जर्नलं काढून बघ. नॉन-इन्व्हर्टिंग जोडणीत १० किलोओहम आणि १ किलोओहमचे रेझिस्टर लावले की गणिताने गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा झाला तो आकडा, ११ येतो, आणि अख्ख्या बॅचच्या जर्नलात तो बरोब्बर ११च असतो. सोनेरी पट्टीचा रेझिस्टर ५ टक्के इकडेतिकडे असतो. खरा गेन १० ते १२ मध्ये कुठेही येईल. म्हणजे मोजलं कुणीच नाही, मागच्या वर्षीचं उतरवलं. (आणि आपण त्यावर सह्या ठोकतो. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलींतून डोकं वर काढायला वेळ कुणाला आहे!) ज्याचं ११.०० आलंय त्याला पुन्हा मोजायला लाव. १०.६ आलेल्याला दोन्ही रेझिस्टर मल्टिमीटरवर तपासायला सांग. मग इनपुट वाढवू दे. सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्टचा असेल तर सीआरओच्या, म्हणजे सिग्नलची लाट दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर लाटेचं डोकं सपाट कापलेलं दिसेल. का, ते लगेच सांगू नकोस. गप्प बसणं जड जाईल, पण कंपनीत पोरांना रोज हेच शोधायचं असतं.

१९८३ साली राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली, जागा भराभर वाढल्या. त्याच साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, वीजजोडणी अशी खरी कामं करत शिकू लागली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने तिथे फॅब लॅबही, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा, उभी राहिली. आपण पहिली वाट धरली, दुसरीकडे वळूनही पाहिलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सेकंड इयरची एक बॅच पाबळला ने.

ओरलच्या आधी एक्सटर्नलना सांगून ठेव, की यंदा प्रत्येकाची रीडिंग वेगळी असतील. नाहीतर पोरांचेच मार्क जायचे. आणि मल्टिमीटरच्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या कपाटात कुलपात ठेव. लॅबमधून पहिल्या त्याच गायब होतात.

तुझा,
सर