इंग्रजीत अ, ॲन आणि द नक्की कधी लावायचे? मराठी मीडियममधून शिकलेल्यांसाठी काही सोपी युक्ती आहे का?

तुम्ही लिहिलंय की टेस्टमध्ये 'अ एमएलए' लिहिलं म्हणून मार्क गेला, बरोबर उत्तर 'ॲन एमएलए' होतं, आणि शाळेत तर सांगितलेलं की ए ई आय ओ यू या पाच अक्षरांच्या आधीच ॲन येतो, मग एमच्या आधी कसा काय. यात तुमचा काही दोष नाही, तो नियमच अर्धवट शिकवला जातो. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतली, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून 2000 साली सुरू झालं), आणि आमच्याकडूनही ही पाच अक्षरं पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती. पहिल्या नोकरीत माझं एक मेल सगळ्यांसमोर वाचून दाखवलं गेलं कारण त्यात एकही द नव्हता, तो दिवस मी अजून विसरले नाहीये, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आधी अ आणि ॲन. यात अक्षर बघायचंच नाही, शब्द उच्चारला की पहिला आवाज कोणता येतो तो बघायचा. आणि आवाज कसा ओळखायचा, तर तो शब्द सरळ देवनागरीत लिहून काढा!! पहिलं अक्षर स्वर आलं, म्हणजे अ आ इ ई पासून औ पर्यंत आणि ॲ, ऑ, तर ॲन. व्यंजन आलं तर अ. बस एवढंच. एमएलए मध्ये पहिलं अक्षर ए, म्हणून ॲन एमएलए. तसंच ॲन एफआयआर, ॲन एक्स-रे, ॲन एलआयसी एजंट, ॲन एसटी बस. अवर म्हणजे तास, इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला एच आहे पण आपण अ ने लिहितो, म्हणून ॲन अवर, ऑनेस्टचंही तेच. उलट युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, युरोपियन हे सगळे य ने, म्हणून अ युनिव्हर्सिटी. वन डे मॅच व ने, म्हणून अ वन डे मॅच. इंग्रजी मीडियमची मुलं स्पेलिंग बघून फसतात, आपली लिपी आवाजाप्रमाणे चालते म्हणून आपल्याला हे उलट सोपं जातं. एकच जपायचं, आपल्याकडे बरेच जण बोलताना एकला येक म्हणतात, एमला येम म्हणतात, तेव्हा तोंडातल्या सवयीवर जाऊ नका, प्रमाण लिहितो तसंच लिहून बघा.

हा सगळा आवाजाचाच खेळ आहे याचा पुरावा म्हणजे आपला क्रिकेटचा अंपायर. जुन्या इंग्रजीत हा शब्द न ने सुरू व्हायचा, नाउंपर असा काहीतरी, म्हणजे दोघांच्या बरोबरीचा नसलेला तिसरा माणूस. लोक 'अ नाउंपर' म्हणायचे, ऐकणाऱ्याला ते 'ॲन आउंपर' वाटायचं, असं होता होता न तिकडे चिकटला आणि शब्द न शिवायच राहिला. एप्रनचंही असंच झालंय, तो आधी नेप्रन होता. आणि मुळात ॲन म्हणजे दुसरं काही नाही, 'एक' हाच शब्द, वन आणि ॲन दोन्ही एकाच जुन्या शब्दातून आलेत, अ हे त्याचं घासून लहान झालेलं रूप.

आता द, जो खरा अवघड आहे. सगळे म्हणतात मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपल्याला जमत नाही. शब्द नाही हे खरं, पण तो फरक मराठीत नाही असं मला अजिबात वाटत नाही, आपण तो रोज करतो फक्त दुसऱ्या पद्धतीने. हे बघा, 'मी ड्रायव्हर शोधतोय' आणि 'मी ड्रायव्हरला शोधतोय'. पहिल्यात कोणीही चालेल, नोकरीवर ठेवायचाय, म्हणून अ ड्रायव्हर. दुसऱ्यात आपला ठरलेलाच माणूस आहे, चहा प्यायला कुठे गेलाय बघतोय, म्हणून द ड्रायव्हर. एका 'ला' ने काम झालं. किंवा 'दारात कुत्रा बसलाय' आणि 'कुत्रा दारात बसलाय', पहिल्यात कुठला तरी कुत्रा, नवीन बातमी, अ डॉग, दुसऱ्यात तुम्हाला मला दोघांना माहीत असलेला, द डॉग. शब्द तेच, फक्त जागा बदलली. कहाणीत आजी काय सांगायची, आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, आणि पुढे नुसतं राजा असं म्हणाला, राजा तसं म्हणाला. पहिल्यांदा 'एक', तिथे अ, ओळख झाल्यावर द.

ला वाली युक्ती माणसं आणि जनावरांपुरतीच, वस्तूंना चालत नाही, पेन शोधतोय म्हटलं तर दोन्ही अर्थ निघतात. तिथे मी एक प्रश्न विचारते, समोरचा मला 'कुठलं?' असं विचारेल का. विचारेल किंवा कुठलंही चालणार असेल तर अ, विचारायची गरजच नसेल तर द. 'जरा पेन आहे का' मध्ये अ पेन, 'अरे सकाळी नेलेलं पेन दे परत' मध्ये द पेन. सूर्य एकच, कुठला विचारायचं कारणच नाही, म्हणून द सन.

पण काही ठिकाणी मराठी कान फसवतो आणि ते पाठच करावं लागतं. आपण मी इंजिनियर आहे म्हणतो, एक इंजिनियर म्हणत नाही, इंग्रजीत मात्र कामधंदा सांगताना ॲन इंजिनियर, अ टीचर असं लावावंच लागतं. सरसकट गोष्टीला काहीच नाही, चहा आवडतो म्हणजे आय लाइक टी, तिथे द घातला की समोरचा विचार करतो कुठला चहा. नद्यांना द, द गोदावरी, द कृष्णा, समुद्राला द, पण एकट्या शिखराला नाही, कळसूबाईला नाही आणि एव्हरेस्टलाही नाही, डोंगररांगेला मात्र परत द, द वेस्टर्न घाट्स. पेशंट ॲडमिट असेल तर ब्रिटिश इन हॉस्पिटल म्हणतात, अमेरिकन इन द हॉस्पिटल, तुमच्या परीक्षेत शक्यतो ब्रिटिश पद्धत धरा.

उच्चाराचं पण विचारलंय तुम्ही. जिथे ॲन लागला असता तिथे द चा दी होतो, दी अंपायर पण द बोलर. सहकारी बँकांच्या पाट्यांवर दि लिहिलेलं दिसतं, ते बघून सगळीकडे दी म्हणू नका.

आणि प्रश्नाच्या शेवटी तुम्ही वडिलांबद्दल जे वाक्य लिहिलंय, माय फादर इज फार्मर, तिथे एक अ घाला, माय फादर इज अ फार्मर. त्याच्या पुढचं, ही सोल्ड द काऊ लास्ट इयर, हे एकदम बरोबर आहे, गाय तुमच्याच गोठ्यातली होती ना.