कॅमेरा गेला म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

या वेळी लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचेच प्रश्न इतके आलेत की प्रिंटर, वायफाय वगैरे मंडळींना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार आहे.

प्रश्न: नमस्कार दादा. मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, निम्मी मुलं ऑनलाइन असतात. शनिवारपर्यंत लॅपटॉपचा कॅमेरा मस्त चालू होता आणि सोमवारी क्लास सुरू केला तर माझ्या चौकटीत नुसतं काळं, मुलं म्हणतायत टीचर तुम्ही दिसत नाही. कॅमेऱ्याचं ॲप उघडलं तर 'वी कान्ट फाइंड युअर कॅमेरा' आणि खाली ०एक्सए००एफ४२४४ असला काहीतरी नंबर. विंडोज ११ आहे, लॅपटॉप चार वर्षांचा. स्टेशनजवळच्या दुकानदाराने लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगितलं की फॉरमॅट मारावा लागेल, नाहीतर मदरबोर्ड गेलाय. मुलगा म्हणतो अपडेटने घोळ केलाय. माझे सगळे पेपर आणि नोट्स त्यातच आहेत हो. रविवारी घर आवरताना कीबोर्डही पुसून घेतला होता, पण पाणी वगैरे अजिबात नाही, नुसता जरासा ओलसर कपडा. काय करू?
— शिकवणीवाली ताई, मुलुंड

उत्तर: ताई, आधी फॉरमॅटचा विषय डोक्यातून काढा. कॅमेरा दिसत नाही म्हणून फॉरमॅट म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, वर तुमचे पेपर जातील ते वेगळंच. दुकानदाराला फॉरमॅट आवडतो कारण त्यात डोकं चालवावं लागत नाही आणि रेट ठरलेला असतो. हे माझं मत, कुणाला राग आला तर आला.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ना की रविवारी कीबोर्ड पुसला, माझा सगळ्यात जास्त संशय तिथेच आहे. लॅपटॉप चालू ठेवून पुसला असेल तर दोन-चार बटणं दाबली गेलीच असणार, आणि हल्ली बऱ्याच लॅपटॉपना कॅमेरा बंद करायचं वेगळं बटणच असतं. कंपनी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून सगळंच सांगतो. एफ१ ते एफ१२ च्या रांगेत कुठल्या बटणावर छोटा कॅमेरा आणि त्यावर तिरकी रेघ असं चित्र आहे का बघा, आसुसच्या बऱ्याच मॉडेलांत ते एफ१० वर असतं, एमएसआयवाल्यांना बहुतेक एफएन धरून एफ६ दाबावं लागतं, एचपीच्याही अनेक मशीनवर असं बटण असतं. एकदा नुसतं दाबा, नाही झालं तर एफएन धरून दाबा. मग लॅपटॉपच्या कडा बघा, चष्मा लावून बघा, कारण एचपी आणि लेनोवोच्या काही मॉडेलांना बाजूला यूएसबीच्या खाचेजवळ नखाने सरकवायचा एक बारीक खटका असतो आणि कपडा फिरवताना तो सरकला तर कळतही नाही. आणि तिसरं म्हणजे स्क्रीनच्या वर लेन्सवरच सरकणारं झाकण, लेनोवोने थिंकपॅडवर ते २०१८ च्या सुमारास आणलं आणि आता बाकीच्या कंपन्याही देतात.

यात एक फरक लक्षात घ्या म्हणजे उगाच शोधाशोध होणार नाही. झाकण लागलेलं असेल तर विंडोजला कॅमेरा दिसत असतो, फक्त चित्र काळं येतं. खटका मात्र कॅमेरा पार तोडूनच टाकतो, म्हणजे विंडोजच्या दृष्टीने या लॅपटॉपला कॅमेराच नाहीये, आणि तुम्हाला आलेल्या त्या लांबलचक नंबराचा अर्थ अगदी हाच आहे, एकही कॅमेरा जोडलेला नाही. म्हणून तुमच्या बाबतीत मी झाकणाच्या आधी बटण आणि खटका बघीन.

तिथे काही सापडलं नाही तर पुढचं ऐका. लॅपटॉपमधला कॅमेरा म्हणजे बहुतेक वेळा आतल्या आत जोडलेला साधा यूएसबी कॅमेराच असतो, स्क्रीनच्या वर एक बोटाएवढी पट्टी आणि तिथून बिजागरीतून खाली मदरबोर्डपर्यंत आलेली बारीक वायर. तेव्हा खरा प्रश्न एकच, लॅपटॉपला तो दिसतोय की नाही. विंडोजच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'कॅमेराज' असं काही दिसतंय का बघा, काही लॅपटॉपमध्ये ते 'इमेजिंग डिव्हाइसेस' मध्ये असतं. नाव दिसतंय आणि त्यावर खाली जाणारा छोटा बाण आहे, तर कुणीतरी तो डिसेबल केलाय, राइट क्लिक करून इनेबल करा, काम झालं. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरची (म्हणजे विंडोजला कॅमेरा चालवायला लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची) भानगड, मग राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा (ड्रायव्हर पुसायचा का असं विचारेल तिथे टिक करू नका) आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा, विंडोज आपोआप परत बसवतं. नावच दिसत नाही तर वरच्या 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'शो हिडन डिव्हाइसेस' करा. आता नाव पुसट दिसायला लागलं तर समजा विंडोजला कॅमेरा आठवतोय पण आत्ता तो जोडलेला नाही, म्हणजे खटका, बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज) किंवा वायर यापैकी काहीतरी.

रीस्टार्ट म्हणालो ते रीस्टार्टच हं, शट डाउन करून परत चालू करणं वेगळं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून प्रकार असतो, तो चालू असला की शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो आणि लोक मला लिहितात की दहा वेळा बंद-चालू केलं पण काही उपयोग नाही. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने चालू होतं. तरीही कॅमेरा आला नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण साधारण ३० सेकंद दाबून धरा आणि मग चालू करा. आत उरलेला चार्ज निघून जातो आणि बसलेला कॅमेरा कधीकधी एवढ्यानेच उठतो. बायोसमध्येही कॅमेरा चालू-बंद करायची सोय काही कंपन्या देतात, पण तिथे मुलाला बसवा, डेल आणि आसुसला सुरुवातीला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१ दाबून आत जाता येतं.

मुलगा अपडेटचं म्हणतोय ते अगदीच हवेत नाहीये. २०१६ च्या ऑगस्टमध्ये विंडोज १० चं ॲनिव्हर्सरी अपडेट आलं तेव्हा जगभर कित्येकांचे वेबकॅम अडकले होते, कारण कॅमेऱ्याकडून येणारं चित्र ॲपपर्यंत कसं पोचवायचं तेच मायक्रोसॉफ्टने बदललं होतं. पण तशा वेळी कॅमेरा यादीत दिसतो आणि चित्र गोठतं. तुमच्याकडे नावच गायब असेल तर अपडेटवर आळ घेण्यात अर्थ नाही. नाव दिसत असेल तर मात्र प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरच्या टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' चालू आहे का बघा आणि असेल तर जुन्या ड्रायव्हरवर जा.

आणि एवढं करूनही दुकानदार फॉरमॅटवरच अडून बसला तर त्याला म्हणा, आधी पेन ड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टिम) चालवून दाखव. उबुंटू इन्स्टॉल न करता नुसतं पेन ड्राइव्हवरून चालू करता येतं, तुमच्या हार्ड डिस्कला हातही लागत नाही. तिथे कॅमेरा चालला तर दोष विंडोजमध्ये आहे आणि तिथेही दिसला नाही तर तुमच्या लॅपटॉपएवढ्या जुन्या बहुतेक मशीनमध्ये तो हार्डवेअरचा प्रॉब्लेम, मग शंभर वेळा फॉरमॅट मारला तरी काय होणार? (गेल्या काही वर्षांतल्या काही पातळ, महागड्या इंटेलवाल्या लॅपटॉपमध्ये कॅमेरा यूएसबीवर नसून थेट प्रोसेसरच्या चित्रविभागाला जोडलेला असतो, तिथे लिनक्स गडबडतं, त्यांनी या टेस्टवर भरवसा ठेवू नये.) तोपर्यंत क्लास बुडवू नका, मीटिंगमध्ये फोनवरूनही जॉइन व्हा, फोनचा कॅमेरा चालू आणि आवाज बंद, फळा लॅपटॉपवरून शेअर करा.

प्रश्न: भाऊ, माझा प्रॉब्लेम विचित्र आहे. स्क्रीन मागे झुकवली की कॅमेरा चालतो, सरळ केली की जातो, कधी परत येतो कधी नाही. पुढच्या आठवड्यात ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे. रोज विरार लोकलने जातो, लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत असतो.
— नोकरीच्या शोधातला, विरार

उत्तर: मित्रा, विचित्र काही नाही, इतकं स्वच्छ लक्षण क्वचित मिळतं. बिजागरीतून जाणारी ती वायर तुटत आलीये किंवा तिचं टोक सैल झालंय. स्क्रीन उघड-मीट करून ती वर्षानुवर्षं पिळत असते आणि त्यात विरार लोकलच्या गर्दीत बॅगवर जो दाब येतो तो तुला मी काय सांगू. आवाजाकडेही लक्ष दे, बऱ्याच लॅपटॉपमध्ये माइक त्याच पट्टीवर बसवलेला असतो, तेव्हा कॅमेऱ्याबरोबर माइकही जात असेल तर वायरवर शिक्कामोर्तब. ड्रायव्हरच्या नादी लागूच नकोस. आणि स्क्रीन सारखी हलवून बघू नकोस, बऱ्याचदा कॅमेऱ्याची आणि डिस्प्लेची वायर एकाच जुडीत असते, ती पूर्ण गेली तर स्क्रीनही फडफडायला लागेल.

रिपेअरला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जा, रविवार सोडून, कारण रविवारी बरीच दुकानं बंद असतात. तिथे 'कॅमेरा बदलायचाय' असं म्हणू नकोस, 'डिस्प्ले केबल चेक करा' म्हण. कॅमेऱ्याची पट्टी वेगळी मिळते आणि केबल वेगळी मिळते, दोन्हीचा भाव वेगवेगळा विचार, आणि केबलवरच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर जुळतोय का ते समोर उभं राहून बघ. पावसाळ्यात कधीकधी कनेक्टरवर नुसती हिरवट बुरशीसारखी गंज चढलेली असते, ती साफ करून वायर नीट बसवली तरी भागतं, म्हणून आधी उघडून बघायला सांग आणि मग पार्टचं बोल. टचस्क्रीन असेल किंवा समोर अखंड काच असेल तर मात्र साध्या कारागिराच्या हातात देऊ नकोस, ती काच चिकटवलेली असते आणि उघडताना पॅनल गेलं तर कॅमेरा परवडला म्हणशील.

इंटरव्ह्यू मात्र या रिपेअरच्या भरवशावर ठेवू नकोस. साधा ७२०पी चा यूएसबी वेबकॅम घे, ड्रायव्हर लागत नाही, लावला की चालतो, आणि व्हिडिओ कॉलवर तसंही त्यापेक्षा फार भारी चित्र जात नाही. पैसे घालवायचे नसतील आणि विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस' खाली 'मोबाइल डिव्हाइसेस' मधून बऱ्याच अँड्रॉइड फोनना कॅमेरा म्हणून जोडता येतं, फोनवर लिंक टू विंडोज ॲप लागतं. आयफोनला ॲपलची अशी सोय २०२२ पासून आहे पण ती मॅकबरोबर, विंडोजबरोबर नाही. काहीही कर, आदल्या दिवशी एकदा मित्राला कॉल लावून बघ.

प्रश्न: ऑफिसचा लॅपटॉप आहे. विंडोजच्या कॅमेरा ॲपमध्ये माझा चेहरा दिसतो पण ब्राउझरमध्ये गूगल मीट उघडलं की 'कॅमेरा नॉट फाउंड'. आयटीवाले फोन उचलत नाहीत.
— अंधेरी

उत्तर: ॲपमध्ये दिसतोय म्हणजे कॅमेरा धडधाकट आहे. आधी ते कॅमेरा ॲप बंद करा, दुसरीकडे झूम किंवा टीम्स चालू असेल तर तेही पूर्ण बंद करा, घड्याळाशेजारच्या छोट्या आयकॉनमधूनसुद्धा, कारण एकाने कॅमेरा धरून ठेवला की दुसऱ्याला तो बऱ्याचदा मिळत नाही. मग क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या आयकॉनवर क्लिक करून कॅमेरा 'अलाउ' आहे का बघा, कधीतरी घाईत 'ब्लॉक' दाबलं असेल तर ब्राउझर ते विसरत नाही. मीटच्या सेटिंगमध्ये भलताच, एखादा व्हर्च्युअल (सॉफ्टवेअरने तयार केलेला, खरा नसलेला) कॅमेरा निवडलेला नाही ना तेही बघा. शेवटी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये कॅमेरा, तिथे सगळ्यात खाली डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळा स्विच असतो, क्रोम त्यात मोडतं आणि लोक नेमका तोच बघत नाहीत. तिथे वर 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं लिहिलेलं दिसलं आणि स्विच हलतच नसेल तर मग आयटीवाल्यांच्या टेबलापाशी जाऊन उभं राहण्याशिवाय इलाज नाही.

प्रश्न: मी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून ठेवते म्हणून घरचे हसतात. कॅमेरा खराब होतो का त्याने?
— दादर

उत्तर: हसू द्या. २०१६ मध्ये मार्क झुकरबर्गने स्वतःचा फोटो टाकला होता, त्यात मागे टेबलावरच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर पट्टी लावलेली लोकांनी बरोबर हेरली होती. कॅमेरा खराब होत नाही, पण पट्टीचा गोंद लेन्सवर राहतो आणि मग चित्र धूसर यायला लागतं, तेव्हा कागदी पट्टी वापरा आणि लेन्सवर येणाऱ्या भागाला आतून कागदाचा तुकडा लावा. बाजारात मिळणारी ती सरकणारी प्लॅस्टिकची झाकणं मॅकबुकला लावू नका, झाकण लावून लॅपटॉप मिटला तर स्क्रीन खराब होऊ शकते असं ॲपलनेच २०२० मध्ये सांगितलंय, आणि बाकीच्या पातळ लॅपटॉपनाही मी ती लावणार नाही. शेजारी बारीक भोकं असतील तर ती बहुतेक माइकची असतात, ती मोकळी सोडा, नाहीतर पुढच्या महिन्यात तुमचाच प्रश्न येईल की आवाज जात नाही.